जो येऊन गेला त्याची वाट कशासाठी? आगमनकाळाचा अर्थ

नोव्हेंबर सरत आला की वसईच्या बाजारात, पणजीत, वांद्र्याच्या हिल रोडवर कागदी चांदण्या टांगलेल्या दिसू लागतात. केकच्या ऑर्डरी सुरू होतात, शाळेच्या कार्यक्रमासाठी सांताक्लॉजचे कपडे कुठे भाड्याने मिळतात याची चौकशी सुरू होते. अशाच एका रविवारी तुम्ही सहज एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसलात, तर पत्ता चुकला की काय असं वाटेल. वेदीवर जांभळं वस्त्र. फुलं बेताची. एरवी दर रविवारी दणक्यात गायलं जाणारं गौरवगीत आज गाळलेलं. आणि शुभवर्तमानातून, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथातून, जो उतारा वाचला जातो त्यात बाळ नाही, गोठा नाही, मेंढपाळ नाहीत. त्यात सूर्य-चंद्रात चिन्हं दिसतात, समुद्र खवळतो, लोक भीतीने गळून जातात. एखाद्या वर्षी नोहाच्या काळचा जलप्रलय असतो आणि रात्री घर फोडायला येणारा चोर असतो.

हा आगमनकाळाचा पहिला रविवार. नाताळची तयारी इथून सुरू होते, आणि ती जगाच्या शेवटापासून सुरू होते. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटणारच, पण जन्मापासून चर्चमध्ये जाणाऱ्या कित्येकांनाही या उताऱ्यांचं करायचं काय ते उमगत नाही. गोठा, तारा, बाळ येशू हे समजायला सोपं. त्याआधीचे चार आठवडे मात्र 'नाताळ जवळ आला' एवढ्यावरच निभावून नेले जातात.

आधी तारखांचा भाग उरकून घेऊ. आगमनकाळात चार रविवार असतात. ३० नोव्हेंबर हा प्रेषित आंद्रेयाचा सण, आणि त्याला सर्वात जवळचा रविवार तो पहिला. म्हणजे सुरुवात लवकरात लवकर २७ नोव्हेंबरला आणि उशिरात उशिरा ३ डिसेंबरला होते. २०२५मध्ये ती ३० नोव्हेंबरला होती, २०२६मध्ये २९ला आहे. त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा भरतो, कधी २८. चर्चचं उपासना वर्षही याच रविवारी सुरू होतं. रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं: एक वर्ष मुख्यतः मत्तयचं शुभवर्तमान, पुढचं मार्कचं, त्यापुढचं लूकचं. कॅथलिकांखेरीज अँग्लिकन, लुथरन आणि आपल्याकडच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्याही हा काळ पाळतात. पेंटेकोस्टल आणि तत्सम बऱ्याच मंडळ्या पाळत नाहीत. बायबलमध्ये असा काही काळ सांगितलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच आहे, पण मग २५ डिसेंबरही बायबलमध्ये सांगितलेला नाही.

प्रथा हळूहळू घडत गेली. ३८० साली स्पेनमधल्या सारागोसा इथे भरलेल्या धर्मसभेने बजावलं, की १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत लोकांनी घरी बसून राहू नये, रोज चर्चला यावं. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेत्युअस यांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास घालून दिले. रोममध्ये पुढे चार रविवारांवर गाडी स्थिरावली. इटलीतल्या मिलानमध्ये आजही सहा आठवडे पाळतात, ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये चाळीस दिवसांचा उपवास असतो, आणि केरळातल्या सिरो-मलबार घरांत डिसेंबरचे पंचवीस दिवस मांस-मासे वर्ज्य करायची रीत आहे. म्हणजे या काळाला मुळातच दोन बाजू आहेत, एक पश्चात्तापाची आणि एक आनंदाने वाट पाहण्याची. दोन्ही एकाच वेळी कशा सांभाळायच्या, हा खरा प्रश्न.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. येशूचा जन्म दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. मग दर वर्षी 'प्रभू, ये' असं म्हणत वाट पाहायची ती कोणाची? लहान मुलांना आपण सांगतो, बाळ येशू येणार आहे. मोठ्यांनीही तेच धरून ठेवलं तर आगमनकाळ हा लुटुपुटीचा खेळ होतो. जन्म झालेलाच नाही असं चार आठवडे धरून चालायचं, आणि २४च्या मध्यरात्री नवल वाटल्यासारखं करायचं.

बाराव्या शतकातले फ्रेंच मठाधिपती, क्लेअरव्होचे संत बर्नार्ड यांनी याचा केलेला उलगडा मला अजूनही सगळ्यात कामाचा वाटतो. ते म्हणतात, ख्रिस्ताची आगमनं तीन आहेत. पहिलं होऊन गेलं: बेथलेहेमात, माणसाच्या देहाने, दुबळेपणाने. शेवटचं व्हायचं आहे: काळाच्या अखेरीस, वैभवाने, जगाचा न्याय करायला. या दोन्हींच्या मधे आणखी एक आगमन आहे, जे कुणाला दिसत नाही. ते माणसाच्या अंतःकरणात होतं, आजही होतं. हे मधलं आगमन म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत नेणारा रस्ता आहे, असं बर्नार्ड सांगतात. इतिहासात एकदा आलेला आणि एक दिवस पुन्हा येणारा देव आज माझ्या दाराशी आला तर मी घरात आहे का, असा तो प्रश्न आहे.

चर्चने हे चार आठवडे याच हिशेबाने मांडले आहेत. सुरुवातीपासून १६ डिसेंबरपर्यंत नजर शेवटच्या आगमनाकडे. १७ डिसेंबरपासून ती बेथलेहेमकडे वळते, रोजची वाचनंही मारिया, योसेफ, जखऱ्या यांच्या गोष्टींवर येतात. मधल्या आगमनाला वेगळे दिवस दिलेले नाहीत, कारण त्याचा दिवस रोजचाच.

शेवटचं आगमन हा आजच्या माणसाला सर्वात जड जाणारा भाग. त्याबद्दल चर्चमध्येही फारसं कुणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि मग ती जागा यूट्यूबवर तारखा जाहीर करणारे प्रवचनकार भरून काढतात. मार्कच्या तेराव्या अध्यायात येशू स्पष्ट सांगतो, तो दिवस आणि ती घटका कुणालाही ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. तेव्हा तारीख काढणाऱ्याला पुत्राहून जास्त कळतं असं म्हणावं लागेल. साध्या शब्दांत सांगायचं तर ख्रिस्ती श्रद्धा असं मानते, की जग भरकटत चाललेलं नाही, त्याला गाठायचं ठिकाण आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला आणि ज्यांचं कुणी ऐकलं नाही, त्यांचा खटला अजून मिटलेला नाही. न्यायाधीश येणार आहे, आणि तो गोठ्यात जन्मलेलाच आहे. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला ही बातमी भीतीची, ज्याच्या हातात काहीच नाही त्याला आनंदाची. भीती आणि आनंद एकाच रविवारी का वाचले जातात, ते यावरून कळतं.

त्या उताऱ्यांमधला एक बारकावा सहज सुटून जातो. मत्तयच्या उताऱ्यात येशू नोहाच्या काळच्या लोकांची आठवण करून देतो. ती माणसं काय करत होती? खात होती, पीत होती, लग्नं करत होती, लग्नं लावून देत होती. चोरी, खून, व्यभिचार, कसलाच आरोप इथे त्यांच्यावर नाही. तुमच्या-माझ्या घरात जे चालतं तेच त्यांच्या घरात चाललं होतं. त्यांचं लक्ष नव्हतं, इतकंच. मार्कच्या उताऱ्यात घरधनी परदेशी निघतो, प्रत्येक नोकराला त्याचं त्याचं काम नेमून देतो आणि दारवानाला सांगतो, जागा राहा. मी संध्याकाळी येईन, मध्यरात्री येईन, कोंबडा आरवताना येईन की उजाडता येईन, सांगता येत नाही. इथे सगळ्यांनी काम टाकून दाराशी जमायचं नाही. ज्याने त्याने आपलं नेमलेलं काम करायचं, पण दाराकडे कान ठेवून.

वसईत आणि गोव्यात कॅथलिक घरांतून आगमनकाळात लग्न न धरण्याची जुनी रीत आहे. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातही तसंच. आज चर्च पूर्वीइतकं कडक नाही, पण घरची वडीलधारी माणसं अजून 'नाताळ होऊ दे, मग बघू' असंच म्हणतात, आणि नाताळ झाला रे झाला की हॉल मिळेनासे होतात. नोहाच्या उताऱ्यातल्या 'लग्नं करत होती' या शब्दांशी या रीतीचा थेट संबंध नाही. पण वर्षातले काही आठवडे तरी वाजंत्री बंद ठेवून कान मोकळे ठेवावेत, हा विचार दोन्हीकडे आहे.

आगमनकाळाचा आवाज खरा तर यशया संदेष्ट्याचा. या चार आठवड्यांत जुन्या करारातून सगळ्यात जास्त वाचला जातो तो हाच ग्रंथ. तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील, लांडगा कोकराजवळ राहील, अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसेल. नाताळच्या कार्डांवर ही वाक्यं इतकी छापली गेलीत, की हा ग्रंथ कोणत्या संकटांतून घडला याचा विसर पडतो. इ.स.पू. सहाव्या शतकात बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, लोकांना धरून नेलं. 'सांत्वन करा, माझ्या लोकांचं सांत्वन करा' ही चाळिसाव्या अध्यायाची सुरुवात त्या परागंदा लोकांसाठी आहे. बहुतेक अभ्यासक ग्रंथाचा हा भाग त्याच काळातला मानतात. वाळवंटात रस्ता तयार करा, खोरी भरून काढा, डोंगर सखल करा, हे मुळात घरी परतायच्या वाटेचं वर्णन. पिढ्या सरल्या, मग इराणी राजा कोरेशने बाबेल जिंकल्यावर परतीची परवानगी मिळाली. ज्यांनी वाट पाहायला सुरुवात केली होती त्यातले बहुतेक परक्या मातीतच गेले.

या लांबलचक प्रतीक्षेचं वजन मराठीत फार जुन्या काळी एकाने ओळखलं होतं. जेझुइट संघाचे इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले, आणि त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. हजारो मराठी ओव्यांचा हा ग्रंथ दोन भागांत आहे, आणि ख्रिस्ताचं चरित्र येतं ते दुसऱ्या भागात. पहिलं सबंध पुराण जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या वचनापर्यंतची कथा सांगतं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या, गोव्यातल्या साष्टीच्या श्रोत्यांना थेट बेथलेहेमला नेता आलं असतं. पण आधी किती वाट पाहिली गेली हे कळल्याशिवाय आल्याचं मोल कळणार नाही, असं त्यामागे असावं असं मला वाटतं. आगमनकाळ दर वर्षी तेच पहिलं पुराण थोडक्यात वाचून घेतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी रंगमंचावर येतो बाप्तिस्मा करणारा योहान. उंटाच्या केसांचं वस्त्र, कमरेला कातडी पट्टा, खाणं टोळ आणि रानमध. नाताळच्या देखाव्यात याला जागा नाही, आणि ते बरंच आहे, कारण हा माणूस देखावा चालू देणार नाही. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला विचारतात, 'मग आम्ही काय करावं?' एखादा उपास, एखादं व्रत सांगेल अशी त्यांची अपेक्षा असणार. तो सांगतो: दोन अंगरखे असतील त्याने एक नसणाऱ्याला द्यावा, अन्नाचंही तसंच. जकातदार येतात. त्यांना तो नोकरी सोडा म्हणत नाही, ठरलंय त्याहून जास्त उकळू नका म्हणतो. शिपाई येतात. त्यांना म्हणतो, दमदाटी करून पैसे काढू नका, खोटे आरोप करू नका, पगारात भागवा. पश्चात्ताप म्हणजे डोळे मिटून खंत करणं एवढीच आपली समजूत असते. योहानाच्या तोंडी तो कपड्याच्या कपाटात, जकात नाक्यावर आणि पोलीस चौकीत करायचा आहे. आगमनकाळात पापनिवेदनासाठी चर्चमध्ये रांगा लागतात. पण पापांच्या याद्यांमध्ये मिस्सा (रविवारची उपासना) चुकवल्याचं आणि रागावल्याचं पाप जितक्या वेळा येतं, तितक्या वेळा कामवालीचा पगार कापल्याचं येतं का, ही शंका मला नेहमी येते.

पुढच्या वेळी योहान भेटतो तेव्हा तो कैदेत आहे. राजा हेरोद अंतिपाने त्याला डांबलंय. इतिहासकार जोसेफस सांगतो की मृत समुद्राच्या पूर्वेकडच्या मखेरस किल्ल्यात. मत्तयच्या अकराव्या अध्यायात तो शिष्यांकरवी येशूला निरोप धाडतो: 'जे यायचे ते तुम्हीच, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहावी?' ज्याने नदीकाठी येशूकडे बोट दाखवलं त्यालाच आता खात्री वाटेनाशी झाली आहे. येशू रागावत नाही, सरळ हो किंवा नाहीही म्हणत नाही. जे दिसतंय ते सांगा म्हणतो: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठतात, गरिबांना शुभवर्तमान मिळतं. हे शब्द यशयाच्या भाकितांवर बेतलेले आहेत, आणि योहानाला यशया तोंडपाठ असणार. त्याच्या ध्यानात आलं असेल की एक गोष्ट यात नाही. एकसष्टाव्या अध्यायात यशया बंदिवानांच्या सुटकेचंही वचन देतो. येशूच्या निरोपात तेवढं गाळलेलं आहे. योहान सुटला नाही. त्या कैदेतच त्याचं डोकं उडवलं गेलं.

तिसऱ्या रविवारी हा उतारा वाचला जातो त्या वर्षी मला तो वाचताना दर वेळी अडखळायला होतं, कारण तिसरा रविवार हा चर्चने 'आनंदाचा' म्हणून राखून ठेवला आहे. जांभळ्याऐवजी त्या दिवशी गुलाबी वस्त्र चालतं. मिस्सेच्या सुरुवातीचे शब्द पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातले असतात: प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. आणि पौलाने हे पत्र बेड्यांत असताना लिहिलं. म्हणजे आनंदाच्या रविवारची दोन मुख्य माणसं तुरुंगातली. हा योगायोग नसावा. आगमनकाळाला ज्या आनंदाविषयी बोलायचं आहे तो मनासारखं झाल्यावर होणारा आनंद नव्हे, हे सांगायला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती.

तुरुंगाचा विषय निघालाच आहे तर तो पुरता करतो, कारण आगमनकाळ माझ्यापुरता उलगडला तो इथेच. जर्मन लुथरन पाळक डीट्रिख बॉनहॉफर यांना नाझींनी एप्रिल १९४३मध्ये अटक करून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवलं. २१ नोव्हेंबर १९४३च्या पत्रात ते मित्राला लिहितात, की तुरुंगाची कोठडी आगमनकाळासारखीच आहे: माणूस वाट पाहतो, आशा करतो, इकडचं तिकडचं काहीतरी करत राहतो, पण दार बंद असतं आणि ते बाहेरूनच उघडू शकतं. पुढच्याच वर्षी त्याच तुरुंगात जेझुइट धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प होते. १९४४च्या डिसेंबरात, हातात बेड्या असताना, त्यांनी कागदाच्या कपट्यांवर आगमनकाळाची चिंतनं लिहिली, आणि ती धुवायच्या कपड्यांतून बाहेर पोचली. आगमनकाळ म्हणजे माणूस मुळापासून हादरण्याचा काळ, हा त्यांचा सूर. ८ डिसेंबरला त्यांनी कोठडीतच जेझुइट संघाची अखेरची व्रतं घेतली. २ फेब्रुवारी १९४५ला त्यांना फाशी झाली, ९ एप्रिलला बॉनहॉफर यांना.

बाहेरून उघडणारं दार हे ख्रिस्ती धर्मातल्या कृपेच्या कल्पनेचं फार नेमकं चित्र आहे. माणूस साधना करतो, दान करतो, स्वतःला सुधारतो, आणि हे सगळं करायलाच हवं. योहान त्यात सूट देत नाही. तरी शेवटची कडी आपल्या हाताला लागत नाही. देव आपल्या पुण्याच्या बळावर खाली ओढून आणता येत नाही, तो येतो. ख्रिस्ती माणूस नाताळला जे साजरं करतो ते हेच. आणि ते खरोखर पटायला आधी दार आतून उघडत नाही हा अनुभव यावा लागतो. जो काळ आपली ही अगतिकता कबूल करायला लावतो, त्याला चार आठवडे दिले आहेत.

१७ ते २३ डिसेंबर या सात दिवसांच्या सायंप्रार्थनेत मारियेच्या गीताच्या आधी सात प्राचीन आळवण्या म्हटल्या जातात. रोज ख्रिस्ताला एका वेगळ्या नावाने हाक: ज्ञान, प्रभू, इशायाचं (दावीद राजाच्या बापाचं) मूळ, दाविदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा, आणि शेवटी इम्मानुएल. २० डिसेंबरची आळवणी म्हणते, हे दाविदाच्या किल्ली, तू उघडतोस ते कुणी बंद करू शकत नाही. ये आणि अंधारात बसलेल्या बंदिवानाला तुरुंगातून बाहेर काढ. योहानाला आलेल्या निरोपात जे गाळलं होतं, ते चर्च इथे मागून घेतं.

त्या शेवटच्या आठवड्यातल्या वाचनांपैकी १७ डिसेंबरचं वाचन सगळ्यात कंटाळवाणं समजलं जातं. मत्तयच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ: अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला, असं करत करत योसेफापर्यंत. वाचणारा नावांवर ठेचकाळतो, ऐकणारे घड्याळ बघतात. पण कान दिला तर या पुरुषांच्या यादीत मधेच चार बायका लागतात. तामार, जिने वेश्येचं सोंग घेऊन सासऱ्याकडून आपला हक्क मिळवला. राहाब, यरीहोतली वेश्या. रूथ, परक्या मवाबी जातीची विधवा. आणि उरियाची बायको, जिच्यासाठी दावीद राजाने तिच्या नवऱ्याला मारवलं; तिचं तर नावही न घेता मत्तय राजाचा गुन्हा कायमचा नोंदवून ठेवतो. वंशावळ ही एरवी घराण्याची प्रतिष्ठा वाढवायला लिहितात. इथे घराण्यातलं झाकून ठेवायचं तेच वर काढलं आहे. देवाच्या येण्याची वाट असल्या खाचखळग्यांतून गेली, तर आपल्या घरातून जाऊ शकणार नाही असं कुणी म्हणायला नको.

मग मारिया. नासरेथची, कुणाच्या खिजगणतीत नसलेली मुलगी. आगमनकाळातली इतर माणसं बातमीची वाट पाहतात. हिच्या पोटातच ती वाढते आहे. ती आपली नातलग अलीशिबेला भेटायला डोंगराळ मुलखात जाते तेव्हा जे गीत तिच्या तोंडी येतं ते २२ डिसेंबरला वाचलं जातं. आपल्या चित्रांतली मारिया नेहमी खाली पाहणारी, निळ्या वस्त्रातली, शांत. गीतातली मारिया म्हणते, त्याने सत्ताधीशांना सिंहासनांवरून खाली खेचलं आणि दीनांना उंच केलं, भुकेल्यांना पोटभर दिलं आणि धनवानांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं. क्रियापदं भूतकाळी आहेत. थोरला हेरोद राजा (अंतिपाचा बाप) अजून गादीवर आहे, रोमचे शिपाई रस्त्यावर आहेत, नासरेथमधली भूक होती तशी आहे. तरी ती झालंच आहे असं गाते. योसेफाच्या तोंडी तर शुभवर्तमानांमध्ये एकही वाक्य नाही. तो स्वप्नातून उठतो आणि सांगितलेलं करतो.

आता चिन्हांबद्दल, थोडक्यात. चार मेणबत्त्यांचं पानांचं कडं आज जवळजवळ प्रत्येक चर्चमध्ये दिसतं, म्हणून ते फार प्राचीन असावं असं वाटतं. पण त्याचा आजचा प्रकार १८३९मधला, हॅम्बुर्गचा. योहान हिनरिख विखेर्न नावाचे लुथरन पाळक तिथे गरीब, बेवारस मुलांचा आश्रम चालवत. मुलं सारखी विचारत, नाताळ कधी, अशी गोष्ट सांगतात. विखेर्नांनी गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर वीस लहान लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लहान, रविवारी मोठी. त्या वर्षी पहिला रविवार १ डिसेंबरला होता, म्हणून चोवीस बरोबर बसल्या. पुढे लहान मेणबत्त्या गळाल्या, चार उरल्या, आणि विसाव्या शतकात कॅथलिकांनीही ते कडं उचललं. आज बहुतेक ठिकाणी तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते, आणि त्यांना आशा, शांती, आनंद, प्रेम अशी नावं देतात. ही नावं देणं अलीकडचं आणि ऐच्छिक आहे. कुठे क्रम वेगळा ऐकलात तर वाद घालू नका.

हॅम्बुर्गमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. तिथे एकेक मेणबत्ती वाढत जाणं हे अंगाला जाणवत असणार. आपल्याकडे डिसेंबर म्हणजे वर्षातला सुखाचा महिना: भात घरात आलेलं, हवा गोड, ऊन सोसवणारं. त्यामुळे बाहेरच्या अंधाराची मदत आपल्याला मिळत नाही, आतला शोधावा लागतो. गोव्यात तर शांतताही शोधावी लागते. संत फ्रान्सिस झेवियरचं नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) २४ नोव्हेंबरला सुरू होतं, ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात मोठं फेस्त, ८ला पणजीच्या टेकडीवरच्या चर्चचं. आगमनकाळाचा पहिला पंधरवडा जत्रेच्या गर्दीतच जातो.

मग प्रत्यक्षात करायचं काय? चर्चने यासाठी कडक नियम ठेवलेले नाहीत. ईस्टरआधीच्या काळासारखे सक्तीचे उपवास रोमन कॅथलिकांना इथे नाहीत, 'आलेलुया'ही चालू असतं. पापनिवेदन, घरी रोज मेणबत्तीजवळ छोटी प्रार्थना, त्या दिवसाचं वाचन, गरजूंसाठी काहीतरी वेगळं काढून ठेवणं, एवढं बहुतेक धर्मग्रामांत सांगितलं जातं. माझी एक सूचना आहे, आणि ती लोकांना आवडत नाही: नाताळच्या पार्ट्या शक्य तेवढ्या नाताळनंतर ठेवाव्यात. ऑफिसांत आणि क्लबांत १० डिसेंबरपासून केक कापून कापून २५ तारखेला माणूस नाताळला कंटाळलेला असतो, आणि २६ला झाड आवरून ठेवतो. चर्चच्या हिशेबाने नाताळचा काळ २५ला सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. गाणी, गोडधोड, भेटीगाठी यांना तेव्हा भरपूर जागा आहे.

आगमनकाळ संपतो २४ डिसेंबरच्या संध्याकाळी, नाताळच्या पहिल्या सायंप्रार्थनेने. चौथा आठवडा त्यामुळे कधीच पुरा सात दिवसांचा भरत नाही, अपवाद फक्त नाताळ रविवारी येतो त्या वर्षाचा. दुसऱ्या टोकाला २०२३सारखं वर्ष असतं, जेव्हा चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला. सकाळी जांभळं वस्त्र, चौथी मेणबत्ती आणि आगमनकाळाचं वाचन. दुपारी गोठ्याची आणि फुलांची धांदल. रात्री पांढरं वस्त्र आणि गौरवगीत. २०२८मध्ये पुन्हा असंच होणार आहे. वेदी सजवणाऱ्या मंडळींनी माणसं आतापासूनच सांगून ठेवावीत.